महापुराच्या पातळीची दिव्यांची रेष : आपल्या गल्लीत करूया का? (सांगलीकरांनी जरूर लिहा)

कृष्णाकाठचा
मंडळी, बरेच दिवस डोक्यात असलेली गोष्ट आज लिहूनच टाकतो. २०१९ चा महापूर गेला, २०२१ ला परत पाणी आलं, आपण सगळ्यांनी गाळ काढला, भिंती धुतल्या, रंग दिला, कपाटं नवी घेतली, पण त्या आठवड्याबद्दल आपण एकमेकांशी नीट बोललोय असं मला वाटत नाही. जुलैत पाऊस जरा धरला की प्रत्येकाची नजर मोबाईलवर, आयर्विन पुलाला किती फूट झालं, कोयना धरणातनं किती सोडलं, खाली अलमट्टी धरणाचं काय. ४० फूट म्हणजे इशारा आणि ४५ म्हणजे धोका, हे पाचवीतल्या पोराला पण पाठ आहे. भीती घरटी आहे आणि प्रत्येक जण आपापली दाबून बसलाय.

तर कल्पना अशी की २०१९ ला पाणी जिथवर चढलं होतं बरोबर त्या उंचीवर, एका गल्लीतल्या सगळ्या घरांच्या भिंतींवरून, मंद पिवळ्या दिव्यांची एकच सलग रेष काढायची, एका संध्याकाळपुरती. आयर्विनला तेव्हा ५७.५ फूट पाणी होतं, हा आकडा सगळ्यांना माहिती आहे, पण आकड्यातनं काही कळत नाही हो. रस्ता वरखाली होतो, पाण्याची पातळी होत नाही. त्यामुळं ती रेष एका घराच्या पायरीला लागेल, चार घरं सोडून कुणाच्या छातीशी येईल आणि गल्लीच्या खालच्या टोकाला डोक्याच्याही वर जाईल. त्या रेषेखालनं शेजाऱ्यापाजाऱ्यांनी सोबत चालायचं. भाषण नको, हारतुरे नकोत, डीजे तर नकोच नको. जगात बऱ्याच ठिकाणी आपत्तीनंतर लोकांनी उजेडाचा असा वापर केलाय आणि त्याचा माणसांना आधार झालाय असं वाचलंय. तुम्हाला काय वाटतं, मोकळेपणानं सांगा, विरोध असला तरी सांगा.

घाटावरचा
विरोधच आहे. राग मानू नका पण ओत-नाले, म्हणजे पाणी वाहून जायच्या वाटा, बुजवून प्लॉट पाडले ते कोण मोकळे करणार? पूररेषेच्या आत अजून बांधकामं चालू आहेत. पाणी उतरल्यावर पंचनाम्यासाठी आमच्या आईनं किती चकरा मारल्या ते मी बघितलंय. लोकांना दिवे दाखवून बरं वाटंल आणि मूळ प्रश्न तसाच राहील. उद्या कुणीतरी पुढारी येऊन बटण दाबणार, फोटो काढणार आणि झालं, सांगली सावरली.

कृष्णाकाठचा
घाटावरचा दादा, राग कसला. तुमचं म्हणणं पटतंय म्हणून तर झगमगाट नको, पाण्याचीच पातळी दाखवायची म्हणतोय. एकदा ती रेष रस्त्यावर दिसली की कुठला भराव कुठल्या वाटेत आलाय ते नकाशा न बघता कळतं. बाहेरनं आलेला माणूस फ्लॅट बघायला येतो तेव्हा त्याला कोण सांगतं की पाणी इथवर होतं? भिंत रंगवली की खूण गेली. आणि बटण दाबायला पाहुणा बोलवायचाच नाही, हे आधीच ठरवून टाकू.

ओसाकाहून_सांगलीकर
मी बरीच वर्षं जपानमध्ये आहे, माहेर सांगलीच्या गावभागातलं. इथं शेजारीच कोबे शहर आहे म्हणून लिहावंसं वाटलं. १७ जानेवारी १९९५ ला पहाटे ५ वाजून ४६ मिनिटांनी तिथं भूकंप झाला, ६४०० च्या वर माणसं गेली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात त्यांनी रस्त्यावर दिव्यांच्या कमानी उभ्या केल्या, लुमिनारिए म्हणतात त्याला. हजारो रंगीत दिवे, डिझाईन इटलीच्या लोकांचं. भूकंपानंतर शहर अंधारात गेलेलं, वीज नाही, गॅस नाही, पाणी नाही, त्यामुळं त्याच रस्त्यावर एवढा उजेड बघून लोक उभ्या उभ्या रडले असं इथले म्हातारे लोक अजून सांगतात. खरं तर एकदाच करायचं होतं, लोकांनीच आग्रह धरला म्हणून दरवर्षी व्हायला लागलं. बघायला येणाऱ्यांकडनं १०० येन मागतात, ऐच्छिक.

पण मला विचाराल तर माझा जीव त्यापेक्षा दुसऱ्या गोष्टीत जास्त अडकतो. १७ जानेवारीला पहाटे तिथल्या एका बागेत लोक बांबूचे तुकडे कापून त्यात पाणी घालून मेणबत्त्या तरंगवतात आणि ते बांबू जमिनीवर भूकंपाच्या तारखेच्या आकारात मांडतात. ५:४६ ला सगळे गप्प उभे राहतात. त्याच बागेत एक कायम तेवणारी ज्योत आहे, भूकंपग्रस्त गावांतनं आणलेल्या ज्योती एकत्र करून लावलेली, आणि लोक त्यातनं आपापल्या वस्तीच्या स्मारकाला ज्योत घेऊन जातात. लुमिनारिएला लाखोंनी गर्दी होते, बाहेरगावचे पर्यटक येतात, दुकानं चालतात, तेही चांगलंच आहे. पण ज्यांच्या घरातलं कुणी गेलं ती माणसं त्या बांबूंपाशी येतात. तेव्हा कृष्णाकाठचा, तुमची गल्लीची कल्पना त्या बांबूंच्या जातीची आहे, ती मोठी करायच्या नादाला लागू नका.

मिरजेची_मास्तरीण
कल्पना मनाला भिडली पण मला एक काळजी वाटतेय. माझ्या वर्गात पुराच्या वेळी लहान असलेली मुलं होती, त्यांना चित्र काढायला सांगितलं की कितीतरी दिवस निळा खडू पहिला संपायचा. एक मुलगी घर काढायची आणि दार काढायचीच नाही, का विचारलं तर म्हणाली दारातनं पाणी येतं. अशा मुलाला आपल्याच घराच्या भिंतीवर डोक्याच्या वर चमकणारी रेष दिसली तर? मोठ्यांना वाटेल आठवण जपली, आणि पोर रात्री दचकून उठेल. करू नका म्हणत नाहीये. पण मुलांना आधी सांगा, दिवसाउजेडी ती रेष दाखवा, दिवे त्यांच्याच हातानं लावू द्या. अचानक अंधारात नेऊन उभं करू नका.

आणि लुकलुकणारे, रंग बदलणारे दिवे नकोत. निळे तर अजिबात नकोत. सायरनसारखं, बोटीच्या इंजिनासारखं काही वाजायला नको.

वायरमन_दादा
मी कामाचं बोलतो. २३० व्होल्टची तोरणं घराघरातनं ओढून गल्लीत आडवी टाकायचा विचार असेल तर आत्ताच सोडा, ओली भिंत आणि साधी वायर, एक जरी जॉइंट उघडा राहिला तर जिवावर बेतंल. १२ व्होल्टची एलईडी पट्टी घ्या, वरनं सिलिकॉन असलेली, आयपी ६७ लिहिलेली असती, म्हणजे पाणी आत जात नाही, वॉर्म व्हाईट मागा, पांढरी फटफटीत नको. एका टोकानं सप्लाय देऊन लांबच लांब ओढली की पुढचं टोक मंद पडतं, म्हणून पाच-पाच मीटरचे तुकडे करा आणि प्रत्येक तुकड्याला आपली बॅटरी. पाच मीटरची साधी पट्टी साधारण २४ वॅट खाती, बारा व्होल्ट सात एएचची छोटी बॅटरी दोन तास सहज चालवंल. म्हणजे एका घराला एक पट्टी एक बॅटरी, मेन लाईनचा संबंधच नाही, जनरेटर नाही, आवाज नाही. कुणाचा इन्व्हर्टर वापरायचाच असंल तर ३० मिलीअँपिअरचा ईएलसीबी, म्हणजे करंट गळला की लाईन तोडणारा स्विच, बसवल्याशिवाय मी हात लावणार नाही. बाकी फिटिंगचं काम माझ्याकडं, मजुरी घेणार नाही. आमचं दुकान पण गेलतं पाण्यात.

कृष्णाकाठचा
दादा, तुम्ही आलात म्हणजे निम्मं काम झालं. उंची कशी मोजायची तेवढं सांगता का कुणी? काही घरांवर खूण आहे, बऱ्याच ठिकाणी रंगात गेली.

वायरमन_दादा
त्यात काय, गवंड्याची लेव्हलची नळी. पारदर्शक नळीत पाणी भरायचं, एक टोक खूण असलेल्या घराला धरायचं, दुसरं पुढच्या घराला, पाणी जिथं थांबंल तीच उंची. बुडबुडा राहू द्यायचा नाही एवढंच. नदीला उतार असतोय पण एका गल्लीत त्यानं फरक पडत नाही. पक्की खूण असलेली दोन-तीन घरं आधी शोधा म्हणजे ताळा बघता येईल.

हरिपूरकर
आमच्याकडं पेवं आहेत हे कितीजणांना माहिती आहे? जमिनीखाली खोदलेली हळदीची कोठारं, वर तोंड माणूस जेमतेम उतरंल एवढं, खाली पोट मोठं. हळद भरून तोंड बंद केलं की आत हवा राहत नाही, मग कीडपण लागत नाही. २००५ च्या पुरात पेवांत पाणी शिरलं, हळदीचं नुकसान झालं आणि बरीच पेवं कायमची बाद झाली. पिढ्यान्पिढ्यांचं काम होतं ते. सांगलीच्या हळदीचा डंका सगळीकडं वाजतो पण पेवं बुडाली ह्याची आठवण कुठंच नाही.

न्यूयॉर्कला २००१ च्या हल्ल्यात पडलेल्या त्या दोन टॉवरच्या आठवणीत आकाशात दोन उजेडाचे खांब सोडतात ना, ते फोटो बघून मला नेहमी वाटतं, आमच्या एका रिकाम्या पेवाच्या तोंडातनं असा एक उजेडाचा खांब वर आला तर. जमिनीच्या पोटातनं. पाणी शिरलं त्याच वाटेनं उजेड बाहेर. फक्त आत कुणी उतरायचं नाही, बंद पेवात श्वास कोंडून माणूस जातो, जुने लोक तोंड तासन्‌तास उघडं ठेवून, दिवा सोडून बघून मगच उतरायचे. दिवा दोरीनं वरनंच सोडायचा आणि तोंडाला लोखंडी जाळी.

माळढोकवाला
पेवाची कल्पना अप्रतिम आहे, पण न्यूयॉर्कचं नाव निघालं म्हणून थोडं सांगतो. ते खांब म्हणजे ट्रिब्यूट इन लाईट, पहिल्यांदा मार्च २००२ मध्ये लावले, ७००० वॅटचे एकूण ८८ सर्चलाईट, ४४ चे दोन चौकोन. आता दरवर्षी ११ सप्टेंबरला लावतात. पण सप्टेंबर हा तिकडे पक्ष्यांच्या स्थलांतराचा काळ, रात्री उडणारे छोटे पक्षी त्या झोतात अडकतात, गोल गोल फिरत राहतात, थकून जातात. सात वर्षांच्या नोंदींवरून २०१७ मध्ये अभ्यास छापून आला, त्यात ११ लाख पक्ष्यांवर परिणाम झाल्याचा अंदाज होता. आता तिथं स्वयंसेवक रात्रभर पक्षी मोजत बसतात आणि झोतात हजाराच्या वर पक्षी दिसले की वीस मिनिटं दिवे बंद करतात. दिवे बंद केले की पक्षी थोड्याच वेळात मार्गी लागतात. गेलेल्यांची आठवण काढताना जिवंत पाखरांचीही काळजी घ्यायची, मला ती वीस मिनिटं फार मोठी वाटतात.

आपल्याकडे काठावर वटवाघळं आहेत, बगळ्यांची रात्रीची झाडं आहेत. त्यामुळे नदीच्या पात्रावर झोत नको, दिवे भिंतीला लागून, उजेड खाली पडेल असे. पेवातला दिवा पण थोडाच वेळ आणि बारीक. दुसरं म्हणजे कृपा करून रात्री घाटाच्या खालच्या पायऱ्यांवर लोकांना, विशेषतः पोरांना उतरवू नका. औदुंबर-भिलवडीपासून सांगलीपर्यंत नदीत मगरी आहेत. आणि पाण्यात दिवे सोडायचेच म्हणत असाल तर पानांच्या द्रोणात, थर्माकोल नाही.

पलूसकडचा
मी बोलू का नको विचार करत होतो. ८ ऑगस्ट २०१९ ला ब्रह्मनाळला बोट उलटली. लोक पुरातनं सुटायला निघाले होते. आमचे पाव्हणे त्या गावात. तुम्ही सांगलीत पातळी मोजताय, आमच्याकडं माणसं मोजावी लागली. तुमच्या कार्यक्रमात ब्रह्मनाळचं नाव कुणाला न विचारता घेऊ नका, बॅनरवर तर नकोच. त्या घरांतल्या कुणाला दिवा लावावासा वाटला तर ते त्यांचं ते लावतील, नदीवर नाही तर दारात. कुणी कॅमेरा घेऊन तिथं जाऊ नका एवढंच मागणं आहे.

कृष्णाकाठचा
पलूसकडचा, हे तुम्ही लिहिलंत फार बरं झालं. शब्द देतो, नाव घेणार नाही, कुणाला तिकडं पाठवणार नाही. त्या घरांपैकी कुणी स्वतःहून काही सांगितलं तर तुम्हीच कळवा, तोवर आम्ही आमच्या गल्लीपुरतं.

दत्तनगरची_वहिनी
मी कधी लिहीत नाही इथं, नुसतं वाचते. पण तुम्ही सगळे रेषेचं बोलताय म्हणून सांगते. आमच्याकडं रेष बिष काय नाही हो, आमचा खालचा मजला आख्खा गेलता आणि वरच्या मजल्याच्या खिडकीत पाणी होतं, आम्ही गच्चीवर. सासूबाईंना खुर्चीत बसवून वर नेलतं. पाण्याचं सगळे बोलतात पण अंधाराचं कुणी बोलत नाही. लाईट बंद केलेली, ती करायलाच लागते म्हणा, पण रात्री एवढा काळोख की पाणी चढतंय का उतरतंय तेपण कळायचं नाही, नुसता आवाज यायचा, कशावर तरी काहीतरी आपटायचं. मग समोरच्या बिल्डिंगच्या गच्चीवरनं कुणीतरी मोबाईलची बॅटरी हलवायचं. आम्ही इकडनं हलवायचो. बोलणं ऐकू यायचं नाही पण कळायचं की आहेत, ठीक आहेत. मग आमचं चार्जिंग संपलं. त्यांची बॅटरी हलताना दिसायची आणि आम्हाला उलटं दाखवता येईना, त्यांना काय वाटलं असंल याचं मला आजून वाईट वाटतं. पाणी उतरल्यावर कोण होतं ते विचारायला गेले तर ते भाडेकरू खोली सोडून गेलते.

तेव्हा तुम्ही रेष करा, चांगलंच आहे, पण आमच्याकडं करायचं असंल तर पहिल्यांदा सगळ्या गच्च्यांवरनं बॅटऱ्या लावा. एका गच्चीनं दाखवायची, दुसरीनं उत्तर द्यायचं. पूर्ण गल्लीत. मला तेवढंच करायचंय.

ओसाकाहून_सांगलीकर
वहिनी, वाचताना मी रडले. हे झालंच पाहिजे.

घाटावरचा
वहिनी तुम्ही म्हणताय ते मी करणार. आमच्या बिल्डिंगच्या गच्चीची किल्ली माझ्याकडं असती.

मिरजेची_मास्तरीण
मुलांना हे सगळ्यात आधी कळेल. दाखवलं की उत्तर येतं. रेषेची भीती मला वाटत होती ती यानं बरीच कमी होईल, कारण मुलं आधी वर गच्चीवरनं उत्तर मिळवून मग खाली रस्त्यावर येतील.

वारणेपलीकडची
तारीख कुठली धरताय? ऑगस्टमध्ये खरी आठवण येते पण तेव्हा पाऊस असतो आणि नदी कधी वाढेल सांगता येत नाही, २०२१ ला तर जुलैतच आलं होतं. दिवे लावायचे आणि मेसेज यायचा पाणी वाढतंय. शिवाय नेमक्या त्याच तारखांना काही माणसांना फार त्रास होतो, झोप उडते, छातीत धडधडतं. मी समुपदेशनाचं काम करते, पुरानंतर शिबिरांत होते, तेव्हा हे जवळून बघितलंय. काहींना त्या दिवशी घोळक्यात असलं की बरं वाटतं, काहींना दार लावून बसायचं असतं, दोन्ही बरोबर आहे. कुणाला दारावर जाऊन तुम्ही का आला नाही विचारू नका.

माझं मत त्रिपुरी पौर्णिमेचं. नदी शांत असते, आभाळ मोकळं असतं, आणि दीपमाळ पेटवायची, घाटावर पणत्या लावायची सवय आपल्या हाडात आहे, कुणाला समजवावं लागणार नाही.

माळढोकवाला
त्रिपुरीला माझंही अनुमोदन. इटलीतलं लाक्विला गाव मात्र तारीख सोडत नाही. ६ एप्रिल २००९ ला पहाटे ३:३२ ला भूकंप झाला, ३०९ लोक गेले, आणि दरवर्षी ५ आणि ६ एप्रिलच्या मधल्या रात्री तिथले लोक मशाली घेऊन गावातनं चालतात, गेलेल्यांची नावं वाचतात. तिथं पूर नाही ना येत ठरल्या महिन्यात. आपल्याला नदीचं बघूनच ठरवावं लागेल.

कुपवाडचा_पोरगा
मी आर्किटेक्चरला आहे. न्यूझीलंडमध्ये क्राइस्टचर्चला २०११ च्या भूकंपानंतर शहराचा मधला भाग बंदच होता, तिथं ऑक्टोबर २०१२ मध्ये विद्यार्थ्यांनी एका रात्रीसाठी उजेडाचं शहर उभं केलं, पाडापाडीला आणलेल्या क्रेनना दिव्यांच्या रचना टांगून. जिथं जायला लोक घाबरत होते तिथं लोक घरच्यांना घेऊन आले. आमच्या वर्गातले काहीजण मोजणीला आणि पट्ट्या लावायला यायला तयार आहेत. आकाशकंदिलाच्या कामट्या आणि पतंगाचा कागद वापरून पट्टीवर झाकण केलं तर उजेड डोळ्यात घुसणार नाही, मऊ पडेल, आणि गल्लीतल्या बायकापोरांना बसून करता येईल. पट्टी उघडी दिसली की दुकानाची पाटी वाटते.

घाटावरचा
माझी एक अट. ज्या घराला आपल्या भिंतीवर रेष नको त्याच्यावर कुणी जबरदस्ती करायची नाही. आमची आईच नको म्हणंल. मग तिथं काय करणार?

कृष्णाकाठचा
तिथं रेष तुटणार आणि तुटू द्यायची. पुढच्या घरापासनं त्याच उंचीवर परत चालू. मधला अंधार झाकायला तोरण लावायचं नाही, बांबूवरनं ओढून न्यायची नाही. त्या घरातल्यांना अजून नको वाटतंय हेही गल्लीनं बघावं, त्याबद्दल कुणी चकार शब्द काढायचा नाही. पुढच्या वर्षी त्यांना वाटलं तर त्यांची पट्टी वायरमन दादांकडं ठेवलेली असेल.

आता इतक्या जणांचं वाचून जे ठरतंय ते लिहितो, चुकत असेल तर हाणा. त्रिपुरी पौर्णिमा. पहिली गल्ली दत्तनगरातली, वहिनी तुमची, तुम्ही शेजाऱ्यांना विचारून हो म्हणालात तरच. अंधार पडला की आधी गच्च्या, नदीकडच्या टोकाच्या गच्चीनं सुरुवात करायची आणि उत्तर देत देत रस्त्याच्या टोकापर्यंत. मग पट्ट्या लावायच्या, चालायचं, दोन तास झाले की पट्ट्या बंद करायच्या. वर्गणी घरटी ज्याला जमेल तेवढी, बाहेरचा प्रायोजक नाही, बॅनर नाही. ड्रोन नाही. फोटो काढायचे तर आपल्या घराचे आपण. हरिपूरच्या पेवाचं वेगळं करू, हरिपूरकर तुम्ही मालकांना विचारा आणि जाळीचं माप घ्या. दादा आणि कुपवाडची पोरं, दसरा झाला की एका सकाळी लेव्हलची नळी घेऊन जाऊया का?

दत्तनगरची_वहिनी
विचारलं आजच. सहा घरं हो म्हणाली, दोन घरं बघू म्हणाली, एक नको म्हणालं. आमच्या सासूबाई विचारतायत की बॅटरी त्यांच्या हातात देणार का, त्यांना गच्चीवर खुर्चीवर बसायचंय.

वायरमन_दादा
देणार की. मोठी देतो, लांबनं दिसणारी. खुर्ची वर न्यायला मी माणसं आणतो. आणि ते भाडेकरू कुठं गेले काय पत्ता लागतोय का बघतो, त्या बिल्डिंगच्या मालकाकडं आमचं काम असतंय.